फॉरमॅट मार म्हणणाऱ्यांनो

लॅमिंग्टन रोडवरून सात हजारांना घेतलेलं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड मी चार महिन्यांत अडीच हजारांना विकलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, २०१८ साल. वाल्व्हनं ऑगस्टमध्ये स्टीममध्ये प्रोटॉन आणलं होतं, म्हणजे विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालायला लागले होते आणि माझ्यासारख्या लिनक्सवाल्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. सात हजार ही मेसच्या तीन महिन्यांची रक्कम होती. घरी सांगितलं, प्रोजेक्टसाठी पाहिजे.

कार्ड लावलं, गेम सुरू झाला, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पडदा काळा. आवाज चालूच. मागे गोळ्या झाडल्याचे आवाज आणि समोर काळ्या मॉनिटरमध्ये माझाच चेहरा. पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा वीस मिनिटं.

हॉस्टेलवर निदान एका मिनिटात झालं. एक म्हणाला, ‘फॉरमॅट मार.’ दुसरा, ‘लिनक्सवर कुणी गेम खेळतं का? विंडोज टाक.’ तिसरा, ‘कार्ड मायनिंगचं असणार, मेलंय.’ तिघांपैकी एकानंही मशीनला हात लावला नव्हता. मी काय केलं? फॉरमॅट मारला. उबुंटू काढून मांजारो, मांजारो काढून फेडोरा. इंटरनेटवर जी आज्ञा दिसेल ती टर्मिनलमध्ये चिकटवली. शेवटी वैतागून कार्ड एका ज्युनिअरला विकलं, तेही ‘बघ बाबा, माझ्याकडे चालत नाही’ असं सांगून.

माझं भांडण त्या तिघांशी आहे, आणि तेव्हाच्या माझ्याशीही. ‘फॉरमॅट मार’ हा सल्ला नाही, ती पळवाट आहे. फॉरमॅट केल्यावर बिघाड गेला तर तो का गेला हे कळत नाही, आणि नाही गेला तर तो कशामुळे होता याचा होता नव्हता तो पुरावा आपण आपल्या हातानं पुसलेला असतो. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर झाडून-पुसून काढण्यातला प्रकार.

ही सवय आपल्याला लागते कुठून? माझं उत्तर आहे, प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनिअरची फाइल आणून आपण रीडिंग उतरवून काढतो. ओहमच्या नियमाचा आलेख सरळ रेषेत आला नाही, तर सर्किट तपासत नाही, रीडिंग बदलतो. सैल वायर कशी शोधायची हे चार वर्षांत एकदाही कुणी विचारत नाही. व्हायवाला विचारतात ती व्याख्या. मग तोच मुलगा काळ्या पडद्यासमोर बसतो तेव्हा त्याला एवढंच येतं: कुणाचं तरी उत्तर उतरवून काढणं.

नोमोडसेटचंच घ्या. लिनक्सवर पडदा काळा पडतो अशी तक्रार केलीत की कुणी ना कुणी हा शब्द तोंडावर फेकतोच. बूट होताना कर्नलला तो दिला की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही आणि साधं, प्राथमिक चित्र दिसायला लागतं. आत शिरून दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलेली ती मागची खिडकी आहे. पण लोक खिडकीतून आत जातात आणि तिथेच संसार मांडतात. महिनाभरानं त्यांची नवी तक्रार येते, गेम सेकंदाला चार फ्रेमनं चालतो. चालणारच! कार्ड बाजूला बसलंय आणि सगळं चित्र प्रोसेसर एकटा रंगवतोय. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाइप असं नाव दिसलं की समजावं, आपलं महागडं कार्ड सुट्टीवर आहे. अशा माणसानं नवं कार्ड विकत घेतलं तरी वेग तेवढाच राहील.

नोकरी लागल्यावर मी नवं कार्ड घेतलं आणि जुन्याच कॅबिनेटमध्ये लावलं. तिसऱ्या दिवशी पडदा काळा, आवाज चालू. तेच.

म्हणजे गेल्या वेळी कार्ड मेलेलं नव्हतं तर!

या खेपेला मी पॉवरचं बटण दाबलं नाही. पडदा काळा पडला म्हणजे मशीन मेलं असं नसतं, आवाज चालू असेल तर नक्कीच नसतं. तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय तो फोनच अशा वेळी सर्वांत कामाचं अवजार आहे. टर्मक्ससारखं ॲप घ्या, संगणकावर एसएसएच आधीच चालू करून ठेवा, आणि पडदा गेला की फोनवरून त्याच मशीनमध्ये शिरा. आत गेलात तर कर्नल जिवंत आहे. मग कर्नलची नोंदवही उघडायची. मशीन बंद करावंच लागलं, तर पुन्हा सुरू केल्यावर मागच्या बूटची नोंद मागवायची: जर्नलसीटीएल, वजा के, वजा बी, वजा एक. (देवनागरीत मंत्रासारखं दिसतंय खरं, पण मंत्राचा अर्थ माहीत असावा: वजा के म्हणजे फक्त कर्नलचं बोलणं, वजा बी वजा एक म्हणजे यापूर्वीच्या बूटचं.) बहुतेक जण इथेच चुकतात. आत्ताच्या बूटची नोंद चाळतात आणि ‘लॉगमध्ये काहीच नाही’ म्हणतात. अपघात काल झालाय आणि पंचनामा आजच्या रस्त्याचा.

माझ्या नोंदीत शेवटची ओळ होती: जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस. आधी हसूच आलं, एसटीच्या दारातून कुणी पडल्यासारखं. पण ओळ स्वच्छ बोलत होती. बस म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला पीसीआय एक्स्प्रेसचा दुवा. कार्ड त्या दुव्यावर दिसेनासं झालं होतं. एवढं कळल्यावर डिस्ट्रो बदलण्यात काय अर्थ होता? संशयित उरतात मोजके: उष्णता, स्लॉटमध्ये नीट न बसलेलं कार्ड, किंवा वीज. तापमान बघितलं, ठीक होतं. कार्ड काढून पुन्हा बसवलं, फरक नाही. मग मित्राचा पॉवर सप्लाय एका संध्याकाळपुरता मागून आणला. चार तास खेळलो, पडदा हलला नाही.

दोषी होता कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला, नाव लक्षात ठेवण्यासारखं नसलेला पॉवर सप्लाय. स्टिकरवर साडेचारशे वॉट लिहिलेलं होतं. कार्डावर ताण आला की तो मान टाकायचा. २०१८मध्ये विंडोज टाकून तोच गेम अर्धा तास खेळलो असतो, तर तिथेही पडदा काळा पडला असता आणि लिनक्स त्याच दिवशी निर्दोष सुटला असता. विंडोज टाकायला माझा विरोध नाही. चाचणी म्हणून टाका, शरण जायला नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बस्स. मी एका रात्रीत डिस्ट्रो, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही बदलायचो.

आता आपल्याच बाजूच्या भक्तमंडळींकडे वळतो, कारण तेही कमी नाहीत. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. तेव्हापासून कुठल्याही काळ्या पडद्यावर यांचं उत्तर ते एक बोट. अहो, ते निदान नाही! त्याच कंपनीनं मे २०२२मध्ये कर्नलमधले मोड्यूल खुले केले. वेलँडवर त्या कार्डांचं चित्र फडफडायचं, कारण कार्डाचं रंगवून संपण्याआधीच अर्धवट फ्रेम पडद्यावर जायची. २०२४मध्ये एक्स्प्लिसिट सिंक आलं आणि तो त्रास बराच कमी झाला. बोट मात्र अजून वरच आहे.

शिवाय हे लोक ‘लिनक्सवर सगळं चालतं’ म्हणतात ते खोटं आहे. व्हॅलोरंट चालत नाही, त्याचं अँटीचीट कर्नलच्या पातळीवर विंडोजच मागतं. एएमडीचा खुला ड्रायव्हर चांगला आहे, तरी एचडीएमआय २.१ची खुली अंमलबजावणी एचडीएमआय फोरमनं २०२४मध्ये नाकारली, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर फोर-के १२० हर्ट्झची अपेक्षा ठेवून केबल लावणारा फसला. त्याला ‘तुझं सेटिंग चुकलंय’ म्हणून रात्रभर राबवणं हा दुष्टपणा आहे. अडचण कोडची नाही, परवान्याची आहे. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ती केबल लाव आणि झोप, हे सरळ सांगावं. कुठे थांबायचं हे कळणंही निदानातच येतं.

‘मला गेम खेळायचाय, संशोधन करायचं नाही,’ हा आक्षेप मला पटतो. कामावरून थकून आलेल्या माणसानं नोंदवह्या का वाचाव्यात? त्यानं कन्सोल घ्यावा, मजेत खेळावं. पण ज्यानं हौसेनं लिनक्स टाकलं, त्याबद्दल स्टेटस ठेवलं, त्यानं पहिल्या काळ्या पडद्याला फॉरमॅट मारू नये.

हल्ली हे सगळं एआयला विचारतात. विचारा की. पण माझ्या टीममधला नवा मुलगा परवा ‘स्क्रीन ब्लॅक, फिक्स’ एवढंच लिहून आलेल्या सात आज्ञा ओळीनं सूडोसकट चिकटवताना मी पाहिला. सीनिअरच्या फाइलची जागा बदलली, एवढंच. त्याला नोंदीतल्या वीस ओळी द्यायला लावल्या तर दुसऱ्या उत्तरात कारण सापडलं: कर्नल अपडेट झाल्यावर ड्रायव्हरचं मोड्यूल नव्यानं तयार झालं होतं, त्यावर सही नव्हती आणि सिक्युअर बूट त्याला आत घेत नव्हता. की नोंदवली, काम झालं. हाच मुलगा महिन्याभरात रात्रीच्या ऑन-कॉलला बसणार आहे. सर्व्हर पडल्यावर तो आधी रीस्टार्ट मारणार की लॉग वाचणार, याची मला खरंच काळजी आहे, कारण त्याच्यानंतर फोन मला येतो.

पॉवर सप्लायचा शोध लागला त्या रात्रीच मी ज्युनिअरला फोन केला. ‘ते कार्ड काय करतंय रे?’

‘कधीच विकलं, दादा. लॉकडाऊनमध्ये कार्डांचे भाव चढले ना, तेव्हा. नऊ हजार आले.’

‘आणि चालत होतं?’

‘एकदाही पडदा गेला नाही. तुम्हाला तेव्हाच विचारणार होतो, नक्की काय झालेलं त्याला?’