युद्ध थांबलं का, ताई?

मे २०२२ मधली गोष्ट. आमच्याच ग्रामपंचायतीतल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गटाच्या वह्या तपासायचं काम मी अंगावर घेतलंय. आंब्याच्या सावलीत गोणपाट अंथरून आम्ही पंधरा-सोळा जणी बसलो होतो. हप्ते झाले, व्याज झालं, कुणाची सही, कुणाचा अंगठा, सगळं आटपलं. वही मिटता मिटता कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ताई, तुम्ही पेपर वाचता ना? ते तिकडचं युद्ध थांबलं का वो?"

खरं सांगते, मला हसू आलं. म्हटलं, "आजी, तुम्हाला कशाला त्या युद्धाची काळजी?"

"मला नाही बाई. पण दुकानदार म्हणतो, युद्ध थांबल्याबिगर तेल उतरायचं नाही. आठ दिवसांची पिशवी मी पंधरा दिवस पुरवते. आता अजून किती पुरवू?"

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. घरी मी रोज तासभर टीव्हीवरच्या चर्चा ऐकते. कोण जिंकणार, कोण हरणार, यावर जेवताना यजमानांशी वादही घालते. पण ते युद्ध कुणाच्या कढईपर्यंत आलंय, हे मला त्या आजींनी सांगितलं.

दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतांश याच दोन देशांतून यायचं. ते अडकलं, तशी पामतेलाला मागणी वाढली. मग एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं आपल्या लोकांना तेल कमी पडू नये म्हणून पामतेलाची निर्यातच बंद केली. ती बंदी तीनेक आठवड्यांनी उठली, पण तोवर इथले भाव चढायचे ते चढलेच. त्याच मे महिन्यात गॅसचा सिलिंडर हजाराच्या घरात गेला. पाड्यावरच्या कितीतरी जणींनी सिलिंडर कोपऱ्यात सारला आणि पुन्हा डोक्यावर मोळी घेतली. सिलिंडर का महागला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मोळीचं वजन मात्र त्यांच्याच मानेवर आलं.

माझं माहेर मुरबाडचं, सासर शहापूर तालुक्यातलं. दोन्हीकडे भातशेती. भावाला भाताला द्यायला युरिया लागतो. तो बनवायला जो वायू लागतो, तो मोठ्या प्रमाणात आखाती देशांतून येतो. तिकडे काही खुट्ट झालं की इकडे खताच्या दुकानापुढे रांग. भाऊ म्हणतो, "पूर्वी आभाळाकडे बघून शेती करायचो, आता आभाळाकडेही बघायचं आणि बातम्याही बघायच्या."

पण हे आजचंच आहे का? आठवून बघा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर चढाई केली, तेव्हा धाकट्याला कडेवर घेऊन मी रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली आहे. पाच लिटरचा डबा आणि पुढे साठ माणसं. त्याच्याही आधी, साठीच्या दशकातल्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. आई सांगायची, त्याची भाकरी थापता थापता फाटायची, आणि भाताच्या मुलखातल्या आम्हा पोरांना ती घशाखाली उतरायची नाही. आपल्याला धान्य द्यायचं की नाही, कधी द्यायचं, हे तिकडे दूर वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं. आईला वॉशिंग्टन ठाऊक नव्हतं. तिला फाटलेली भाकरी ठाऊक होती.

आणि सिद्धगड? दुसरं महायुद्ध चालू असताना भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले, कारण ती वीज मुंबईतल्या कारखान्यांना जायची. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे प्राण घेतले. दर वर्षी त्या दिवशी तिथे माणसं जमतात. म्हणजे जगाचं राजकारण मुरबाडच्या रानात तेव्हाही आलं होतं. आपण उगाच समजतो, की ते मोठ्या शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचं काम.

यात आपण नेहमी सोसणारेच असतो असंही नाही, मैत्रिणींनो. जुलै २०२३ मध्ये आपल्या सरकारनं बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात तांदूळ महागू नये हा हेतू. सप्टेंबर २०२४ मध्ये ती उठली. पण मधल्या वर्षभरात जगाच्या बाजारात तांदूळ कडाडला आणि आफ्रिकेतल्या ज्या गरीब देशांत आपला तांदूळ शिजतो, तिथल्या बायकांनी आपल्या आजींसारखंच आधणात मूठभर कमी वैरलं असेल. इंडोनेशियानं आपल्याला जे केलं, तेच आपण दुसऱ्या कुणाला केलं. दोघांचंही म्हणणं एकच, आधी घरचं बघायचं. चूक कुणाची म्हणायची? मला एवढंच दिसतं, की ठरवणारा एकीकडे असतो आणि ज्याच्या ताटातलं कमी होणार, तो दुसरीकडे. दोघांची गाठ कधी पडत नाही.

हे समजायला लांब जायला नको. आपलं शहापूर पुरे आहे. तानसा धरण १८९२ चं. पुढे मोडकसागर झालं, भातसा झालं. मुंबईला जे पाणी जातं, त्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर हंडे रांगेत लागतात. जलवाहिनी ज्या रानातून जाते, त्याच रानातली बाई टँकरची वाट बघत बसते. मुंबईतल्या बायकांशी माझं भांडण नाही. त्यांनाही पाणी हवंच, माझी लेकच तिकडे राहते. पण कुणाला किती पाणी हे ठरलं, तेव्हा इथल्या बाईला कुणी विचारलं होतं का? जगात गरीब देश आणि श्रीमंत देश यांचं जे चालतं, ते आपण रोज हंडा घेऊन बघतोच आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १९४५ पासून पाच देशांना नकाराधिकार आहे. त्यातल्या एकानं जरी नाही म्हटलं, तरी बाकीच्या जगानं गप्प बसायचं. अशी पाच माणसं आपल्या गावातही असतात. नावं सांगायला नकोत, तुमच्या डोळ्यांपुढे आली असतील.

आता थोडं माझ्याबद्दल. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते.

पाड्यावर टँकर यायचा तो भर दुपारी. त्या वेळी बायका वीटभट्टीवर नाहीतर मजुरीला गेलेल्या. घरी म्हातारी माणसं आणि पोरं. मग सातवीतली एक मुलगी शाळा बुडवून टँकरसाठी थांबायची. गटातल्या बायका मला म्हणाल्या, "ताई, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तुम्ही बोला. टँकर सकाळी यायला पाहिजे म्हणा. तुमचं ऐकतील." मी हो म्हटलं.

जानेवारी २०२३ च्या त्या ग्रामसभेत मी गेले. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, मागे भिंतीला टेकून आम्ही सात-आठ जणी. पाणीटंचाईचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "गेल्या वर्षीप्रमाणेच ठेवू." माझ्या जिभेवर शब्द आले होते. तेवढ्यात पुढून एकानं मागे वळून विचारलं, "बाई, तुमचं काही?" त्या स्वरात काय होतं कोण जाणे. मी म्हटलं, "नाही, काही नाही."

पंचवीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. ग्रामसभा म्हणजे काय, यावर चार मार्कांचं उत्तर लिहून घेतलं. आणि मी म्हटलं, काही नाही. त्या रात्री टीव्हीवर जगातले पुढारी एकमेकांशी बोलत का नाहीत, यावर चर्चा चालली होती. मी तो बंद केला.

त्या उन्हाळ्यात टँकर दुपारीच आला. मुलगी मार्च-एप्रिलभर शाळेत गेली नाही.

पुढच्या खेपेला आम्ही शहाण्या झालो. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी, असं आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. आम्ही ती खरोखर घ्यायला लावली. बत्तीस जणी आल्या. ठराव मी लिहिला, पण बोलल्या पाड्यावरच्याच. सगळ्यांत आधी त्या तेलवाल्या आजी उठल्या. "पाणी आम्ही भरतो, मग टायम आम्ही सांगणार," इतकंच म्हणून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत कुणाला नाही म्हणता आलं नाही. त्या उन्हाळ्यापासून टँकर सकाळी सातच्या सुमारास येतो. कधी आठ वाजतात, कधी येतच नाही, तेव्हा पुन्हा फोन, पुन्हा अर्ज. ती मुलगी परत शाळेत जायला लागली. पण तिचं जे बुडलं ते बुडलंच, आणि त्यात माझ्या "काही नाही"चा वाटा आहे, हे मी विसरत नाही.

तुम्ही म्हणाल, टँकरची वेळ कुठे आणि जगाचं राजकारण कुठे! मलाही तसं वाटायचं. पण लायबेरियाची गोष्ट वाचली आणि मन बदललं. आफ्रिकेतला हा छोटासा देश, वर्षानुवर्षं यादवी युद्धात होरपळलेला. २००३ मध्ये तिथल्या ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका एकत्र आल्या, पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज उन्हापावसात बसू लागल्या. शांततेची बोलणी घाना देशात चालली होती आणि पुढे सरकत नव्हती. तेव्हा या बायका तिथे जाऊन दारात बसल्या आणि समझोता केल्याशिवाय बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समझोता झाला. त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांना २०११ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. युद्ध थांबायला इतरही कारणं होती, पण दारात बसलेल्या त्या बायकांना वगळून ती गोष्ट सांगता येत नाही.

आणि आपल्या मुरबाडमध्ये? काळू नदीवरच्या धरणाचं काम सुरू झालं, तेव्हा जंगल आणि घरं जाणार म्हणून इथली माणसं उभी राहिली. श्रमिक मुक्ती संघटनेच्या इंदवी तुळपुळे यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये काम थांबलं. धरणाचा विषय त्यानंतरही पुन्हा पुन्हा निघाला. पण आम्हाला विचारल्याशिवाय नाही, हे म्हणता येतं, एवढं तर इथल्या माणसांनी दाखवून दिलं.

बदल होतोच आहे, पण मुंगीच्या पावलानं. युद्ध थांबवण्याच्या बोलण्यांत बायकांना जागा हवी, असा ठराव सुरक्षा परिषदेनं ऑक्टोबर २००० मध्येच केला. तरी आजही अशा बोलण्यांचे फोटो बघा, टेबलाभोवती बहुतेक कोटच दिसतात. आपल्याकडे पंचायतीत १९९३ पासून तेहतीस टक्के आणि महाराष्ट्रात २०११ पासून पन्नास टक्के जागा बायकांना मिळाल्या. २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांसाठीही कायदा झाला, पण त्याची गाठ जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी घातली गेली. खुर्ची मिळाली तरी तिच्यावर बाईनं स्वतः बसायचं, की नवऱ्याला शेजारी बसवून त्याच्याकडे बघत सही करायची, हे कुठलाच कायदा ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझी आशा मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या हस्तांदोलनांवर फारशी नाही. ते होतात, मोडतात, पुन्हा होतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला आपल्याच जिल्ह्यातल्या डोंबिवलीचे तिघे गेले, तेव्हा कळलं, द्वेषाला पत्ता शोधत यायला वेळ लागत नाही. म्हणून जे मला करता येईल, तेवढं धरून ठेवते. झळ जिला बसते तिला आधी विचारावं, ही सवय मी माझ्या घरात लावून बघते, गटात लावून बघते, ग्रामसभेत लावून बघते. सुनेला न विचारता तिचा दिवस ठरवणारी सासू असताना मी कुठल्या तोंडानं जगाला नावं ठेवू?

पुढची ग्रामसभा कधी आहे, तेवढं विचारून ठेवा. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायला सांगा आणि पाड्यावरची एक तरी बाई बरोबर न्या. बोलायला जमलं नाही तर तिच्या शेजारी बसा. मला तेही एक वर्ष जमलं नव्हतं.

आजी अजून बैठकीला येतात. अजून विचारतात, "थांबलं का वो, ताई?" एक युद्ध मिटायच्या आत दुसरीकडे पेटलेलं असतं, त्यामुळे सरळ उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण आता मला हसू येत नाही. मी पेपर उघडते, जगाचा नकाशा गोणपाटावर पसरते आणि आम्ही सगळ्या जणी मिळून बघतो, तेल कुठून येतं ते.