फिट थांबली, पण माणूस बरा आहे का?

अपस्माराच्या रुग्णाची फेरतपासणी बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: मधल्या काळात फिट आली का? ‘नाही’ म्हटले की त्याच गोळ्या पुढे चालू, ‘आली’ म्हटले की डोस वाढतो, आणि केसपेपरवर एक ओळ पडते. प्रश्न योग्यच आहे. फिट थांबण्याइतका मोठा लाभ दुसरा नाही. अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये दरवर्षी हजारामागे सुमारे एकाचा आकस्मिक मृत्यू होतो, आणि अंग ताठ होऊन झटके येणाऱ्या मोठ्या फिट जितक्या जास्त, तितका हा धोका वाढतो. तरीही उपचाराचा सगळा निकाल या एका उत्तरावर लावणे अपुरे आहे. प्रत्येक भेटीत आणखी चार-पाच गोष्टी ठरलेल्या पद्धतीने विचारून त्यांची नोंद ठेवली पाहिजे, आणि हे काम संशोधकांवर न सोडता रोजच्या बाह्यरुग्ण विभागाने करायला हवे.

आधी त्या एका उत्तराचाच भरवसा तपासू. जर्मनीतील बॉन येथे रुग्णांवर व्हिडिओ-ईईजीची नजर ठेवून केलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 91 रुग्णांना 582 फिट आल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक फिट रुग्णांनी नोंदवल्याच नाहीत, आणि झोपेत आलेल्यांपैकी तर सुमारे 86 टक्के निसटल्या. काहींना रोज आठवण करून देऊनही फरक पडला नाही. यात कोणाची हलगर्जी नव्हती; फिट आपली आठवण स्वतःच पुसून टाकते. म्हणून ‘फिट आली नाही’ असे सांगणारा कोण आहे, तो रात्री रुग्णाच्या खोलीत झोपतो का, हेही केसपेपरवर यायला हवे. आपल्याकडे रुग्णासोबत दर वेळी घरातले वेगळेच कोणी येते, तेव्हा तर अधिकच.

आता दुसरी बाजू. अपस्मार असलेल्या चौघांपैकी जवळपास एकाला नैराश्य असते. अमेरिकेतील न्यूरोलॉजिस्ट फ्रँक गिलियम यांनी औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णांच्या जीवनमानाशी फिटच्या संख्येचा नव्हे, तर नैराश्याचा आणि औषधांच्या दुष्परिणामांचा घट्ट संबंध दिसला. लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड वाढते, फेनोबार्बिटोनने झापड येते, फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण फिट थांबल्याबद्दल तो डॉक्टरांचा ऋणी असतो आणि तक्रार करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. लग्नाचा प्रश्न याहून अवघड. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाला अडसर होता; तो शब्द 1999 मध्ये वगळला गेला. कायदा बदलला तरी सासरी आजार लपवणे थांबलेले नाही, आणि लपवून घ्यायची गोळी हमखास चुकते. अशा बाईला फिट आली की आपण डोस वाढवतो. गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या आणि का, हे विचारले असते तर कदाचित समुपदेशन पुरले असते.

हे मोजायची साधने तयार आहेत. अपस्मारातील नैराश्य हेरणारी एनडीडीआय-ई ही प्रश्नावली अवघ्या सहा प्रश्नांची आहे; दुष्परिणामांसाठी लिव्हरपूलची 19 प्रश्नांची यादी आहे. गिलियम यांच्याच 2004 मधील चाचणीत एका गटातील रुग्णांनी भरलेली दुष्परिणामांची यादी डॉक्टरांच्या हाती दिली गेली, दुसऱ्या गटात दिली गेली नाही. पहिल्या गटात औषधांत कितीतरी अधिक फेरबदल झाले आणि दुष्परिणाम लक्षणीय कमी झाले. नवे औषध आले नव्हते, डॉक्टरही तेच होते. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

वेळ कुठे आहे, हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. सरकारी रुग्णालयात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. पण रुग्ण बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसलेला असतो. तेव्हा परिचारिका किंवा समुपदेशक हे प्रश्न विचारू शकतात, लिहिता-वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवू शकतात. डेन्मार्कमधील आरहूस येथे अपस्माराचे रुग्ण घरूनच प्रश्नावली भरतात, आणि उत्तरांना हिरवा, पिवळा, लाल रंग देऊन कोणाला बोलवायचे ते ठरते. तिथे मोजणीमुळे अनावश्यक भेटी टाळता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परक्या समाजातले प्रश्न इथे लागू पडतील का? जसेच्या तसे नाहीत. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या रुग्णांवर ते तपासून घ्यावे लागतील, आणि त्या कामात रुग्णांचे स्वमदत गट हवेत. तिसरा आक्षेप असा की, नैराश्य सापडले तर उपचार कोण करणार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, 14416 वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा आहे. ही व्यवस्था तोकडी आहे, हे मान्य. पण किती तोकडी आहे हे आकड्यांशिवाय सरकारला पटवणार कसे? नोंदी फुटल्या तर नोकरी जाईल, ही भीती मात्र खरी आहे. रुग्णालयाबाहेर जाणाऱ्या आकडेवारीत नाव असताच कामा नये.

भारताला हे जमत नाही असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मार आणि गर्भारपण यांची नोंदवही 1998 पासून चालू आहे, आणि व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्या औषधामुळे बाळात व्यंग येण्याचा वाढता धोका भारतीय मातांच्या नोंदींतूनच तिने दाखवून दिला. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 ते 2031 चा कृती आराखडा सांगतो की, उपचार घेणाऱ्यांपैकी 70 टक्के रुग्णांच्या फिट पुरेशा आटोक्यात याव्यात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याला हा आकडा विचारला तर उत्तर कोणत्या वहीतून काढायचे? दोन योग्य औषधे नीट घेऊनही फिट थांबत नसेल, तर रुग्णाला शस्त्रक्रियेच्या विचारासाठी मोठ्या केंद्रात पाठवायला हवे. नोंद नसेल तर तो वर्षानुवर्षे तिसरी-चौथी गोळी खात राहतो. राज्याच्या आरोग्य विभागाने निदान काही जिल्हा रुग्णालयांत एका पानाचा नमुना तातडीने सुरू करावा.

तोवर वाचकांना एक विनंती. घरात अपस्माराचा रुग्ण असेल तर पुढच्या तपासणीला एक कागद लिहून न्या: किती फिट आल्या आणि त्या कोणी पाहिल्या, किती गोळ्या चुकल्या, गोळीने काय त्रास होतो, झोप आणि मन कसे आहे, कामावर जाता येते का, मूल हवे असेल तर तेही. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि केसपेपरला जोडायला सांगा. गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.