दहाचा ठोका आणि हातोड्याचा ठोका

कसब्यातल्या तांबट आळीशेजारी माझं सासर. तांब्याच्या पत्र्यावर मठारकामाचा हातोडा दिवसभर चालतो, पेशवाईपासून चालत आलाय. सासूबाई त्या ठणठणाटात दुपारी घोरत पडायच्या. त्याच सासूबाई परवा एका वरातीच्या डीजेनं रात्री साडेअकराला घामाघूम होऊन उठून बसल्या. मी जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यामुळे हात आधी मनगटावर गेला. नाडी ११०. वरात पुढे गेली, तरी ती लवकर उतरेना.

उतरणार कशी? धोका वाटला की ॲड्रेनॅलिन क्षणात सुटतं. मागून येणारं कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांनी कळस गाठतं आणि सावकाश ओसरतं. जाग आली नाही, तरी आवाजानं झोपेत नाडी आणि रक्तदाब चढतात. शरीराचं हे चढणं बिघाड नव्हे. पुरतं उतरायच्या आत पुन्हा चढावं लागणं, हे वाईट.

यावर 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला तयारच असतो. खोटा नाही तो. श्वास सावकाश सोडला की व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती कमी करतो; मीही पेशंटना हेच शिकवलं. पण खिडकीची तावदानं थरथरत असताना म्हातारीला प्राणायाम सांगणं म्हणजे निव्वळ चावटपणा आहे.

मग हातोडा का सोसतो? तो ओळखीचा आहे आणि संध्याकाळी थांबणार, हे ठाऊक आहे. ग्लास आणि सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली याविषयीचे प्रयोग पुस्तकरूपानं मांडले. अवचित, अनियमित आवाज ऐकलेल्यांची नंतरची कामं जास्त बिघडली. काहींना मात्र आवाज बंद करायचं बटण दिलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी त्यांची कामं बरी झाली.

आमचं बटण कुठाय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. द्या की! मीही गणपतीत ताशावर ताल धरते. पण ते दिवस आधी कळू देत. चौकात पाटी लागू दे: कधी सुरू, कधी बंद, तक्रारीला कोणता नंबर. आणि तो फोन उचलला जाऊ दे. सासूबाई काही तो लावायच्या नाहीत.