परिषदेला जोडून एक रविवार

परिषदेच्या माहितीपत्रकावर समुद्राचा फोटो असतो आणि आत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाचा भरगच्च कार्यक्रम. खुर्चीवर पिशवी ठेवून किनाऱ्यावर सटकणारे प्रतिनिधी मला आवडत नाहीत. एखादी संशोधक विद्यार्थिनी कित्येक वर्षांचं काम दहा-बारा मिनिटांत मांडत असते आणि समोरच्या रांगा रिकाम्या असतात. त्यामुळे औषधी वनस्पतींवरच्या परिषदेसाठी कोचीला जाताना मी शहरासाठी वेगळा दिवस काढला. परिषदेपुरती ड्यूटी लीव्ह, परतीच्या सोमवारची किरकोळ रजा आणि जादा मुक्कामाचा खर्च आपल्या खिशातून. अर्जातच हे स्पष्ट लिहिलं की मन मोकळं राहतं.

रविवारी सकाळी एर्नाकुलमहून फोर्ट कोचीची बोट धरली. २०२३ पासून इथे बॅटरीवर चालणारी वॉटर मेट्रो आहे, पण मी सरकारी जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटीने गेले. वाटेत दिसणारं विलिंग्डन बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून वाढवलेलं आहे. किनाऱ्यावरची चिनी जाळी दोराला बांधलेल्या दगडांच्या वजनावर तोललेली असतात. चार-पाच माणसं मिळून ती वर ओढतात. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, ती जागा पाहिली. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले.

पण मी थांबले होते ते एका ग्रंथासाठी. हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे हा मलबारचा डच गव्हर्नर. त्याने कोचीत राहून ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ची सामग्री जमवली. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, आणि सुरुवात नारळापासून! पुढे लिनियसने मलबारच्या वनस्पतींसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला. ही माहिती आपल्याला सांगितली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आणि रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी, असं ऱ्हेडेने नुसतं म्हटलं नाही. त्यांची निवेदनंच त्याने पहिल्या खंडात छापली. कोकणी वैद्यांचं निवेदन देवनागरीत आहे, आणि छापील देवनागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. फोनवरच्या स्कॅन प्रतीत ते पान उघडून मी मट्टनचेरीच्या गल्ल्यांतून चालत होते. अक्षरं ओळखीची, गाव परकं. अंगावर काटा आला.

पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती मट्टनचेरीच्या चेरलाई भागात आजही आहे. तिरुमल देवस्थानाबाहेर फुलांच्या दुकानातल्या आजींनी मला कोकणीत विचारलं, कुठून आलात? मी मराठीत उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, मग घरचीच की. बराच वेळ आम्ही आपापल्या भाषेत बोलत होतो, तुळशीबद्दल आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल.

आदल्या तीन दिवसांत ऐकलेले निबंध मग वेगळ्याच रीतीने आठवू लागले. त्यांतल्या कित्येकांत ‘स्थानिक लोकांकडून मिळालेली माहिती’ एवढाच उल्लेख होता. कुठली बाई, कुठला वैदू, काही नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याने जे केलं, ते आपण, त्याच मातीतली माणसं, का करत नाही? हा प्रश्न मला सभागृहात पडला नव्हता. प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं घालवून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तेव्हा वाचायला मिळत नाही, ही सबबही उरलेली नाही.

तुम्हीही कोचीत असा दिवस काढलात, तर मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमधलं १५६८ सालचं सिनेगॉग जरूर पाहा. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत. शनिवारी ते बंद असतं, हे परतीचं तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या.

पुढची परिषद रत्नागिरीत घ्यायचं घाटतं आहे. शेवटच्या दिवसाची दुपार मोकळी ठेवून सगळ्यांना भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात न्यावं आणि तिथे झाडांवर काम करणाऱ्या माणसांनाच बोलू द्यावं, असं पत्र मी आयोजकांना पाठवलं आहे. निबंध छापताना माहिती देणाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीने घातलीच पाहिजेत, हेही त्यात लिहिलं आहे.