दार अडवून उभे राहणारे

बोरगाव हे निपाणी तालुक्यातील सीमेलगतचे गाव. तंबाखू आणि उसाच्या हिशेबावर या परिसरातील घरे चालतात. आणि हे हिशेब आता चोपडीत नव्हे, तर पतसंस्थेच्या कोपऱ्यातील एखाद्या संगणकात असतात. प्रत्येक खिडकीवरचा कारकून त्याच संगणकातील खतावणी उघडतो. ही सोय पुरविणाऱ्या व्यवस्थेत एक जुने व्यंग आहे. सहकारातील मंडळींनी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

जुलै २०१७ मध्ये अमेरिकेतील डेफकॉन परिषदेत दोघा संशोधकांनी ते उघड केले. 'एसएमबीलोरिस' हे त्याचे नाव. विंडोज २००० पासूनच्या आवृत्त्यांत ते होते, आणि त्याच कामाच्या 'सांबा' या मोफत प्रणालीलाही त्याची झळ पोहोचत होती. येथे कुलूप फोडावे लागत नाही. एखाद्याने खिडकीशी येऊन 'मोठे गाठोडे आणले आहे' म्हणावे, कारकुनाने टेबल रिकामे करून द्यावे, आणि गृहस्थाने गाठोडे न देता नुसते उभे राहावे, तसा हा प्रकार. दर जोडणीमागे संगणक सुमारे १२८ किलोबाइट स्मृती राखून ठेवतो. एकच हल्लेखोर ६५ हजारांवर जोडण्या उघडू शकतो. म्हणजे आठ गिगाबाइट स्मृती अडकली. खतावणीतील एक आकडाही बदलत नाही, पण ती उघडत नाही. पैसे काढण्यास आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच!

रस्ता अडविणे निपाणीला नवे नाही. १९८१ साली तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथेच महामार्ग रोखला. पण ते उघड्या तोंडाने, मागणी सांगून, गोळ्या झेलण्याच्या तयारीने बसले होते. या नव्या अडवणुकीला ना चेहरा, ना मागणी.

मायक्रोसॉफ्टने त्या वेळी सुरक्षा दुरुस्ती काढण्यास नकार दिला. बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवाव्यात, एवढाच सल्ला दिला. ज्यांच्या पदरी जाणकार नोकर आहेत त्यांना तो पुरेसा असेल. पतसंस्थेच्या चिटणीसाला तो सांगावयाचा कोणी? त्याआधी महिनाभर, जून २०१७ मध्ये, फाइलवाटपाच्या याच दारातील वेगळ्या छिद्राचाही आधार घेत पसरलेल्या 'नॉटपेट्या'ने न्हावाशेवा येथील मर्स्क समूहाच्या धक्क्याचे काम थांबविले होते. तो विध्वंसक हल्ला होता, हा केवळ अडथळा. परंतु दार तेच.

एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या आदेशानुसार असे हल्ले सहा तासांत कळवावे लागतात. यंत्र जुने झाले म्हणून बंद पडले, अशी समजूत करून घेणारी संस्था काय कळविणार? उपाय फारसे खर्चाचे नाहीत. ४४५ क्रमांकाचे प्रवेशद्वार बाहेरच्या जाळ्यासाठी बंद ठेवावे, सांबात एका वेळच्या जोडण्यांना मर्यादा घालावी, आणि खतावणीची प्रत रोज वेगळी काढावी. वार्षिक लेखापरीक्षणात रोकड मोजली जाते. या तीन गोष्टी झाल्या की नाही, याची विचारणाही त्याच वेळी दोन्ही राज्यांच्या सहकार खात्यांनी सुरू करावी.