न दिसणाऱ्या तेलाची नोंद



व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही : जे खातेवहीत चढत नाही, ते विस्मरणात जाते. वाहनाच्या बाबतीत मात्र आपण हाच धडा विसरतो. इंजिन ऑइल वेळेवर बदलतो, त्याची पावती जपून ठेवतो. परंतु मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातील तेलाची वर्षानुवर्षे कोणी विचारपूसही करीत नाही. तो गोळा म्हणजे डिफरन्शियल.

ही चूक माझ्याच हातून घडली. तुर्भ्याच्या धान्य बाजारातून माल नेणाऱ्या आमच्या पिकअपचा चालक एके दिवशी म्हणाला, "शेठ, साठच्या पुढे गाडी मागून गुणगुणते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आवाज बदलतो." मी रस्त्याला दोष दिला आणि पुढच्या कामाला लागलो. काही आठवड्यांनी गोळा उघडावा लागला, तेव्हा आतील तेल ताकासारखे पांढुरके झाले होते आणि क्राऊन-पिनियनचे दात झिजून गेले होते. त्या पावसाळ्यात गाडी गुडघाभर पाण्यातून गेली होती, याची आठवण मला तेव्हा झाली. एक-दोन लिटर तेलाची काटकसर संपूर्ण जोडी बदलण्यापर्यंत येऊन पोहोचली.

हे यंत्र करते काय? गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरले, तर एका यू-टर्नमध्ये हा फरक सुमारे ४.४ मीटर होतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर टायर घासले गेले असते. डिफरन्शियल इंजिनची शक्ती दोन्ही चाकांना देते आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, ते घसरतातही. या घर्षणात साधे तेल दातांमधून पिळून निघते. म्हणून येथील तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात. ती धातूवर संरक्षक थर धरतात. अशा गोळ्यासाठी सामान्यतः 'जीएल-५' दर्जाचे, ८०डब्ल्यू-९० सारखे गिअर ऑइल सांगितलेले असते. इंजिन ऑइल येथे चालत नाही. उलट, काही गिअरबॉक्समधील पितळी भागांना हेच 'जीएल-५' अपायकारक ठरू शकते. म्हणून दुकानदाराच्या शब्दापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतील शब्द प्रमाण मानावा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक कौटुंबिक मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते आणि दोघांना तेल एकच लागते. विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाडीला इंजिन नसले, तरी चाकांकडे शक्ती नेणारे गिअर असतात व त्यांनाही तेल लागते.

नवी मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल रस्त्यांवर पाणी तुंबते. तापलेला गोळा त्या पाण्यात अचानक थंड होतो, आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून किंवा वरच्या ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. ब्रीदर ही हवा ये-जा करण्याची छोटी नळी असते. ती चिखलाने बुजली, तर उलट संकट ओढवते : आतला दाब तेलाला सीलबाहेर ढकलतो आणि तेल मागच्या ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. भरलेली गाडी घाट उतरत असताना याचा अर्थ काय होईल, हे सांगणे नलगे. तेथे प्रश्न पैशांचा राहत नाही, चालकाच्या प्राणांचा होतो.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याचे बूच उघडावे. बहुतेक गाड्यांत तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असणे योग्य. कमी वाईट, तसे जास्तही वाईट. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून ते लगेच बदलावे. चुंबकी बुचावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक. परंतु धातूचे कण बोटाला टोचले तर गोळा उघडण्याची वेळ आली आहे. तेल काढण्यापूर्वी भरण्याचे बूच नक्की उघडते ना, हे आधी पाहून घ्यावे. अन्यथा जुने तेल वाहून जाते आणि नवे भरता येत नाही. मागच्या चाकाच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ दिसले, तर गाडी मालासह रस्त्यावर आणू नये.

काढलेले तेल गटारात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत संकलकाकडेच जावे. आपली गटारे शेवटी खाडीला मिळतात. त्याच ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला आहे. जीवदया मानणाऱ्या घराला याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

आमच्या पेढीवर आता प्रत्येक गाडीचे एक स्वतंत्र पान आहे : तेल कधी बदलले, कोणते घातले, किती किलोमीटरवर आणि गाडी पाण्यातून केव्हा गेली. शेवटचा रकाना चालकाचा आहे. त्याला जो आवाज ऐकू आला, तो त्याच दिवशी तेथे लिहिला जातो आणि संध्याकाळी तो रकाना मी स्वतः वाचतो.