सोळा तास गल्ल्यावर बसता? मग समुद्रावरची पाळी समजून घ्या



प्रत्येक बॅचमध्ये एक तरी जण अभिमानाने सांगतो, "मॅडम, सकाळी सातला शटर वर, रात्री अकराला खाली. मधे कोणावर सोडत नाही." सगळे टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. मी स्वतः स्टेशनरीचं दुकान चालवते, त्यामुळे हे कष्ट मला माहीत आहेत. तरीही माझं स्पष्ट मत आहे की मालक झोपला की जो धंदा थांबतो, तो धंदा धोक्यात आहे.

हे पटवायला आज दुकानाचं नाही, शिडाच्या बोटीचं उदाहरण घेते.

आपल्या नौदलाची 'तारिणी' ही बोट गोव्यात दिवाडी बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. लांबी साधारण १७ मीटर, म्हणजे आपल्या एसटी बसच्या दीडपट. १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकारी ती घेऊन गोव्यातून निघाल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी कॅप्टन होत्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन असं करत २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला त्या पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. न्यूझीलंड ते फॉकलंड हा टप्पा सुमारे ४० दिवसांचा होता. मधे केप हॉर्न, ताशी १०० किलोमीटरच्या वर वारे आणि आजूबाजूला मदतीला कोणी नाही.

आपल्याला वाटतं, तिथे रोज वादळाशी झुंज असेल. वादळ येतंच, पण अशा लांबच्या प्रवासातले बहुतेक दिवस साध्या कामाचे असतात. ते काम कसं चालतं, ते बघा.

पाळी

बोट रात्री थांबवता येत नाही. भर समुद्रात नांगर टाकायला तळ हाताशी नसतो. म्हणून दिवसाचे तुकडे करतात, त्याला 'वॉच' म्हणतात. बऱ्याच बोटींवर तो तीन-चार तासांचा असतो. तेवढा वेळ सुकाणू, शिडं आणि समोरून येणारी जहाजं तुमची जबाबदारी. वॉच संपला की बोट दुसऱ्याच्या हातात, आणि तुम्ही झोपायचं. इथे झोप हेही कामच आहे, कारण न झोपलेला माणूस पुढच्या वॉचला चुकतो आणि त्याची चूक सगळ्यांना भोवते. अशा छोट्या टीमवर सहसा कॅप्टनही पाळी करतो आणि पाळी संपली की झोपतो.

हवाला

पुढचा माणूस वेळेच्या दहा मिनिटं आधी वर येतो. अंधाराला डोळे सरावू देतो. मग जाणारा सांगतो: वारा कुठून आहे, कोणतं शीड लावलंय, कोणतं जहाज दिसतंय, काय बिघडू शकतं. हे झाल्याशिवाय तो खाली जात नाही. शिवाय लॉगबुक असतं. ठराविक वेळाने जागा, दिशा, वेग आणि हवेचा दाब लिहायचा. दाब भराभर उतरायला लागला की वादळाची चाहूल लागते. पण ते कळायला आधीचे आकडे लिहिलेले लागतात.

'मला कधी उठवायचं'

कॅप्टन झोपण्याआधी सांगून ठेवतो: वारा अमुकच्या वर गेला, जहाज अमुक अंतराच्या आत आलं, किंवा शंका आली, तर उठवा. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते अख्ख्या बोटीवरची ही सगळ्यात हुशारीची गोष्ट. विश्वास टाकलाय आणि त्याची हद्दही आखून दिली आहे.

रोजची बारीक कामं

स्वयंपाक आळीपाळीने. शेगडी झुलती असते, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. गोडं पाणी मोजून वापरायचं. आणि रोज दोरखंड तपासायचे, कुठे घासतायत का. आज दोन धागे तुटलेले दिसले तर पाच मिनिटांचं काम आहे. तोच दोर मध्यरात्री तुटला तर शीडच जाऊ शकतं.

आता आपल्या दुकानाकडे या. तुमच्याकडे मुलगा कामाला आहे. त्याला कोणता माल संपत आलाय, कोणाची उधारी किती, कोणत्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस आज येणार, हे लिहून दिलंय का? की सगळं तुमच्या डोक्यात? उद्या तुम्हाला डेंग्यू झाला तर आठ दिवस शटर खालीच राहणार ना? मग त्या आठ दिवसांत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि त्यातलं सगळंच परत येत नाही.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, स्टाफ प्रामाणिक मिळत नाही." पण तारिणीवरच्या सहाजणींच्या हातात पहिल्याच दिवशी महासागर दिला नव्हता. एकट्याने जगप्रदक्षिणा केलेले कॅप्टन दिलीप दोंदे त्यांना शिकवत होते, आणि मोठ्या प्रवासाआधी त्यांनी छोटे प्रवास केले होते. तुम्हीही आधी एक तास दुकान सोपवा. मग एक दुपार. मग एक दिवस. गल्ला मोजून द्या, मोजून घ्या. याला कोणी अविश्वास म्हणत नाही, हा हवाला आहे.

"मी तर एकटाच आहे," असंही काही जण म्हणतील. एकट्याने जाणारे खलाशीसुद्धा सुकाणू सांभाळायला यंत्र लावतात आणि अलार्म लावून तुकड्या-तुकड्यात झोपतात. तुम्हाला आठवड्यातून अर्धा दिवस बंद ठेवता येतो. दारावर वेळ लिहा, गिऱ्हाईक सांभाळून घेतं.

शेवटच्या टप्प्यात तारिणीच्या सुकाणूत बिघाड झाला. ठरलेलं नसताना त्या मॉरिशसला पोर्ट लुईत थांबल्या, दुरुस्ती केली आणि मग घरी आल्या. म्हणून कोणी त्यांची प्रदक्षिणा कमी धरली नाही.

आज रात्री शटर ओढण्याआधी एका वहीत तीन गोष्टी लिहा: आज काय झालं, उद्या काय बघायचं, आणि मला फोन कधी करायचा. वही गल्ल्याशेजारी ठेवा. महिनाभर रोज लिहा. मग एक दुपार ती वही दुसऱ्याच्या हातात द्या, आणि घरी जाऊन मुलांबरोबर जेवा.